वावरातल्या शिदोरीला जपानी गाठ

डबा किंवा भेटवस्तू चौकोनी कापडात बांधून नेण्याची जपानी रीत, म्हणजे फुरोशिकी, वावरात शिदोरी नेणाऱ्यांनाही सोयीची आहे.

सुमारे ७० सेंटिमीटरचे सुती कापड तिरपे अंथरून मधोमध डबा ठेवावा आणि जवळचे टोक पलीकडे, समोरचे अलीकडे घ्यावे. खरी मेख गाठीत आहे: उरलेल्या दोन टोकांना पहिला पेच देताना जे टोक वर राहिले, तेच दुसऱ्या पेचातही वर ठेवावे, अन्यथा धुऱ्यावरून चालताना गाठ सैल होते. सोडताना एक टोक उलट दिशेला ओढावे. ठेच्याच्या तेलाचे डाग पडणारच, म्हणून कापड गडद रंगाचे घ्यावे.