रॅपिडचा डाव पहिल्या दहा खेळ्यांत घालवू नका

सोलापुरात मे महिन्यात बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा असली की मंगल कार्यालय पोरांनी भरून जातं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून आईबाप डबे घेऊन सकाळच्या एसटीनं येतात. आणि पहिली फेरी सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच दोन-तीन मुलं रडवेली होऊन बाहेर येतात. मला ते बघवत नाही, कारण यातले बरेच डाव वाचले असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्यानं काय खेळलं हे न बघता पाठ केलेल्या खेळ्या खेळत सुटणं. इटालियन ओपनिंग ही डावाची एक सुरुवात घ्या (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं तर प्याद्याची खेळी): १. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर येतो. उंट आणि घोडा, दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीनं घोडा हुसकावायला झटकन एच६ केलं. घोड्यानं एफ७ मारलं. वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात! तिच्या घड्याळात तेव्हा चौदा मिनिटं शिल्लक होती.

तिथं डी५ खेळायचं. पांढरं प्यादं डी५ वर मारेल, पण घोड्यानं परत मारू नका. मारलंत तर पांढरा एफ७ वर घोडा देतो, तुमचा राजा तो खातो, मग वजीर एफ३ वरून शह देतो आणि डी५ चा घोडाही त्याच्याच माऱ्यात सापडतो. त्यापेक्षा सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हलवा. एक प्यादं जातं, पण मोहरी भराभर बाहेर पडतात. एवढी झटापट नकोच असेल तर तिसऱ्या खेळीला उंट सी५ वर आणा. मग जी५ वर तुमच्या वजिराचा पहारा राहतो.

पाठ केलेल्या वाटेबाहेर डाव गेला की तिथं एक मिनिट खर्चा. वेळ तिथंच लागतो.

कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, करताना आधी राजाला हात लावा. हत्तीला आधी लावलात तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या खेळीला मिळत नाही. नियमबाह्य खेळी करून घड्याळ दाबलं तर समोरच्याला २ मिनिटं वाढवून मिळतात, दुसऱ्यांदा डाव जातो. समोरच्यानं तसं केलं तर स्वतःची खेळी करायच्या आधी घड्याळ थांबवून पंचांना बोलवा.

पालकांनो, रॅपिडला गंमत समजू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ चा महिला विश्वचषक रॅपिड टायब्रेकमध्येच, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा डावांत, जिंकला. पोर हरून आलं तर आधी पाणी द्या, भाकरी-शेंगाचटणीचा घास द्या. रॅपिडमध्ये खेळ्या लिहाव्या लागत नाहीत, म्हणून आठवतंय तोवर, त्याच रात्री घरी पट मांडा.