एकोणिसाव्या शतकातलं मराठी साहित्य वाचायचं कसं

या शतकातली पुस्तकं बहुतेकदा पुरावा म्हणून वाचली जातात. विधवांची स्थिती काय होती, जातिव्यवस्थेवर कोण काय म्हणालं, इंग्रजी शिक्षणाने काय घडलं, याची टिपणं काढायची आणि पुस्तक मिटायचं. परीक्षेपुरतं ते चालतं. पण १८३० ते १९०० या सत्तर वर्षांत मराठी लेखकांनी गोष्ट सांगायचं तंत्र जवळजवळ नव्याने घडवलं. सांगणारा कोण, तो किती लांब उभा आहे, पात्राने स्वतःच्या तोंडाने बोलावं की लेखकाने त्याच्या वतीने बोलावं, हे सगळं या काळात ठरत होतं. ते दिसावं म्हणून वाचायची रीत थोडी बदलावी लागते.

पहिली चूक क्रमाने वाचायची. साहित्याच्या इतिहासात जो क्रम छापलेला असतो तोच धरून गेलात तर पहिल्या दोन-तीन पुस्तकांतच दमछाक होते. आधी सोपं घ्या, मग मागे जा. सुरुवातीला लोकहितवादींच्या शतपत्रांपैकी आठ-दहा पत्रं पुरेत. एकूण १०८ आहेत, ती १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली, आणि प्रत्येक पत्र एका बैठकीत संपतं. सगळी सलग वाचायच्या भानगडीत पडू नका. विषय फिरून फिरून तेच येतात. वर्तमानपत्रात आठवड्याला एक पत्र वाचणाऱ्याला ते खुपत नव्हतं.

आवृत्ती निवडताना

हातात आलेली प्रत संक्षिप्त आहे का, ते आधी पाहा. कथानक तेवढं ठेवून वर्णनं आणि संवाद छाटलेल्या आवृत्त्या निघालेल्या आहेत, आणि छाटलेल्या भागातच बहुधा शैली असते. प्रस्तावनेत ‘शुद्धलेखन आधुनिक केले आहे’ असं लिहिलं असेल तर हरकत नाही, मात्र मूळ छपाईची निदान दहा पानं स्कॅनमधून पाहून घ्या. परिच्छेद कुठे पाडले आहेत, अवतरणचिन्हं मूळची की संपादकाची, हे तिथेच कळतं. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय बरंचसं मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याकडे जातं. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. त्याच्या आगेमागे छापलेल्या गद्यात संवाद आणि निवेदन एकमेकांत मिसळलेलं दिसलं तर तो लेखकाचा गोंधळ समजू नका.

मुखपृष्ठावर शक छापलेला असेल तर ७८ मिळवा. चैत्र ते डिसेंबर एवढ्यासाठी हे बरोबर. जानेवारी ते फाल्गुन अखेर असेल तर ७९. म्हणजे शके १७९५ हे १८७३ असेल किंवा १८७४ चे पहिले तीन महिने. लेखनाचं, मासिकात येण्याचं आणि पुस्तक निघण्याचं साल वेगवेगळं असू शकतं, ते तिन्ही वेगळे लिहून ठेवा. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १८८३ च्या सुमारास लिहिला गेला आणि १९०७ मध्ये छापला गेला. तो एकोणिसाव्या शतकातल्या गद्याचा नमुना नक्कीच आहे, पण त्या शतकात कुठल्याच लेखकाने तो पुस्तकरूपात वाचलेला नाही. प्रभाव शोधताना हा फरक विसरला की सगळी मांडणी कोसळते.

अनुस्वारांची भीती

जुनं पान उघडलं की टिंबांचा सडा पडलेला दिसतो आणि वाचक मागे हटतो. यातले बहुतेक अनुस्वार उच्चारायचे नाहीत. ‘त्यानें’, ‘लोकांनीं’, ‘कांहीं’, ‘नांव’ हे आजच्यासारखंच वाचा. उलट आपण आज ‘घरं’, ‘केलं’ लिहितो तेव्हा तो अनुस्वार लांबवलेल्या ‘अ’साठी असतो, जुन्या छपाईत त्या जागी ‘घरें’, ‘केलें’ असतं. हे दोन अनुस्वार एकच समजले की वाचन अडखळतं. ‘ह्मणून’, ‘आह्मी’ दिसलं तर ‘म्हणून’, ‘आम्ही’ म्हणा.

काही ठिकाणी मात्र टिंब कामाचं असतं. आजच्या लेखनात ‘ती आली’ म्हणजे एक बाई आली, किंवा मुलं आली. संदर्भ पाहावा लागतो. जुन्या लेखनात बाई असेल तर ‘ती आली’ आणि मुलं असतील तर ‘तीं आलीं’. तसंच ‘जातो’ म्हणजे तो, ‘जातों’ म्हणजे मी. त्यामुळे लेखक कर्ता गाळून नुसतं ‘जातों’ लिहून मोकळा होतो आणि वाक्य तुटक, बोलल्यासारखं होतं. नियम बदलून हे अनुस्वार १९६२ मध्ये गेले.

लांब वाक्यांसाठी पेन्सिल हातात घ्या. ‘करून’, ‘जाऊन’, ‘पाहून’ अशी क्रियापदं आली की त्यांच्यानंतर बारीक तिरपी रेघ मारा, आणि शेवटच्या मुख्य क्रियापदाखाली आडवी. दोन-तीन पानांतच वाक्याचा सांगाडा दिसू लागतो. मोठ्याने वाचलं तर आणखी लवकर. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाला सात-आठ पानं झाली तरी पुष्कळ. अडलेल्या शब्दासाठी आजचा कोश न उघडता मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा; दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, म्हणजे ऐन त्याच काळातली, आणि ती इंटरनेटवर शोधता येते.

दोन यमुना

एकच अभ्यास करायला वेळ असेल तर हा करा. बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८९३ च्या सुमारास पुरी झाली. दोन्हींची नायिका यमुना, दोन्हींत विधवेचं दुःख. मधली पस्तीस वर्षं समोरासमोर ठेवायला याहून सोयीची जोडी नाही.

‘यमुनापर्यटन’ विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर वर्षभरात निघालं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवास करतात, गावोगावच्या विधवांच्या हकिकती त्यांच्या कानावर येतात, पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतःच त्या हकिकतींपैकी एक होते. अखेरीस ती ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पदमनजींना काय पटवायचं आहे ते पहिल्या पानापासून उघड आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका. प्रवासाची योजना कशी वापरली आहे ते पाहा. मुक्काम बदलला की माणसं बदलतात, नवी हकिकत सुरू करायला वेगळं निमित्त लागत नाही, आणि कितीही हकिकती जोडता येतात. सोय मोठी, पण किंमतही मोजावी लागते: ज्या बाईचं दुःख आपण ऐकतो ती पुढच्या मुक्कामाला मागे राहते, तिचं पुढे काय झालं याची ओढ वाचकाला लागतच नाही.

आता समासात तीन खुणा करत वीस पानं वाचा. घटना असेल तिथे ‘घ’, पात्रांचं बोलणं तिथे ‘सं’, उपदेश किंवा मत तिथे ‘उ’. मग आपट्यांच्या कादंबरीची सुरुवातीची वीस पानं घ्या आणि त्याच खुणा करा. आपटेही उपदेश सोडत नाहीत, पण ‘उ’ची जागा बदललेली दिसेल. इथे यमू स्वतः आपली कहाणी लहानपणापासून सांगते, त्यामुळे मत येतं ते तिच्या तोंडून, सोसलेल्या गोष्टीला चिकटून येतं. आणखी एक खूण वाढवा: लहान यमूला जे तेव्हा कळलं नव्हतं आणि सांगणाऱ्या यमूला आता कळतं, तिथे ‘दो’ लिहा, म्हणजे दोन वयं. घरातली मोठी माणसं काहीतरी बोलतात, मुलगी ते शब्द जसेच्या तसे सांगते, आणि त्यांचा अर्थ तिच्या आधी वाचकाला लागतो. कादंबरीची सगळी ताकद या फटीत आहे. मराठी गद्याने पस्तीस वर्षांत काय कमावलं, असं कुणी विचारलं तर पहिलं बोट मी इथेच ठेवीन.

आपटे वाचताना लोक कंटाळतात ते लांबीमुळे, आणि त्याचं कारण साप्ताहिक. आधीच्या प्रकरणातली गोष्ट थोडक्यात पुन्हा सांगणं, उत्कंठेवर प्रकरण सोडणं, एखादं पात्र बराच काळ गायब होऊन अचानक परतणं, हे आठवड्याला एक हप्ता वाचणाऱ्यासाठी आहे. दिवसाला दोन-तीन प्रकरणांपलीकडे जाऊ नका. एका रविवारी शंभर पानं ओढली की तीच पुनरुक्ती डोक्यात जाते आणि दोष लेखकाच्या पदरी पडतो. यमूच्या आवाजात बोलणारा लेखक पुरुष आहे, हेही ध्यानात असू द्या. त्याची मर्यादा कुठे जाणवते ते खाली ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकाकडे गेल्यावर कळेल.

या दोन यमुनांच्या मधली अद्भुतरम्य कादंबरी एकच वाचली तरी चालेल. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. सद्गुणी नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट, संकटं आणि शेवटी गोड. तिला वास्तवाच्या मापाने मोजायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. वाचकाला पानं उलटायला लावण्याचं कसब इथे तयार झालं, आणि ते पुढच्यांनी बिनदिक्कत उचललं. ऐतिहासिक कादंबरी कुठून निघाली ते पाहायचं असेल तर रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१).

निबंध आणि झोंबणारं गद्य

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. एखादाच निबंध घ्या आणि त्यातला उपहास कसा बांधला आहे ते पाहा: आधी प्रतिपक्षाचं म्हणणं अतिशय आदराने मांडायचं, तो आदर हळूहळू फुगवायचा, आणि शेवटच्या लहान वाक्यात हवा काढून घ्यायची. लांब वाक्यांची रांग आणि शेवटी आखूड वाक्य, हा ठेका पुढे वृत्तपत्री मराठीत मुरला.

याच मालेत चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची टर उडवली. तो निवाडा प्रमाण मानून फुल्यांकडे गेलात तर त्यांचं गद्य ओबडधोबडच वाटेल, म्हणून आधी फुले वाचा. ‘गुलामगिरी’ (१८७३) ही धोंडीराव आणि जोतीराव यांच्या संवादात आहे. धोंडीरावाचे प्रश्न नुसते निमित्त आहेत की कधी उत्तराला वळण देतात, ते तपासा. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) फुल्यांनी ठिकठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवला होता. त्यातली लांबलचक, एकाला एक तपशील जोडत जाणारी वाक्यं डोळ्यांनी वाचली की दमवतात, मोठ्याने वाचली की चढत जातात. कुठे श्वास घ्यावा लागतो तिथे खूण करा. शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या समग्र वाङ्मयात दोन्ही आहेत.

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत बायकांवर जो गहजब झाला त्याला दिलेलं हे उत्तर. पुस्तक लहान आहे, एका दमात वाचा. ताराबाई थेट ‘तुम्ही’ म्हणून पुरुषांना समोर उभं करतात, आणि भांडणाच्या मराठीतली सगळी हत्यारं परजतात. यमूची सोशिक भाषा आणि ही भाषा एका दशकाच्या आतबाहेरची आहे. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते जवळपास विस्मृतीत होतं. तेव्हा जुन्या इतिहासग्रंथात नाव नाही म्हणून पुस्तक दुय्यम, असं धरून चालू नये.

नाटकं थोडक्यात

विष्णुदास भाव्यांच्या १८४३ पासूनच्या खेळांचं छापील रूप म्हणजे पदं. सूत्रधार ती गायचा आणि पात्रं संवाद आयत्या वेळी रचायची, त्यामुळे कागदावर नाटक शोधू नका. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे) पात्रंच गातात. प्रत्येक पदावर चाल किंवा वृत्त दिलेलं असतं. ती ओळ वगळू नका: साकी, दिंडी की लावणीची चाल, यावरून त्या क्षणाचा भाव लेखकाने कुठे नेला ते कळतं. चाल माहीत नसेल तर ऐका, मग पद वाचा.

कविता मोजून वाचा

केशवसुतांनी क्रांती केली असं पाठ असतं, पण कशात, ते मोजल्याशिवाय दिसत नाही. आधी परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीत’ (१८५४) संग्रहातून मोरोपंतांच्या दहा-बारा आर्या वाचून कान तयार करा. मग ‘तुतारी’ (१८९३) घ्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला तर त्याआधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. ‘एक तुतारी द्या मज आणुनि’: एक तीन, तुतारी पाच, द्या दोन, मज दोन, आणुनि चार, सोळा. पुढच्या ओळी अशाच मोजा. मोजताना सर्वांत जास्त चूक जोडाक्षरापाशी होते: ‘स्वप्राणाने’मधला ‘स्व’ पुढच्या ‘प्रा’मुळे दोन मात्रांचा होतो, तो एक धरला की ओळ पंधरावर अडते आणि वाटतं कवीच चुकला. ओळ नेमक्या मापाची निघते. म्हणजे बंड माप मोडण्यात नाही. मापाच्या आत कोण बोलतंय आणि कशाबद्दल, तिकडे ते आहे. हेच त्यांच्या सुनीतांनाही (म्हणजे सॉनेटांनाही) लावून पाहा: चौदा ओळी बाहेरून आलेल्या, पण वृत्तं संस्कृत परंपरेतली. शार्दूलविक्रीडित असेल तर ओळीत १९ अक्षरं आणि बाराव्यानंतर यती, म्हणजे थांबा. यती जिथे पडते तिथे अर्थ थांबतो की पुढे वाहतो, एवढं प्रत्येक ओळीला पेन्सिलीने नोंदवा, आणि मग तीच नोंद मोरोपंतांच्या आर्यांवर करा.