प्रोजेक्टरला कुठली केबल लावायची, एचडीएमआय की जुनी व्हीजीए?

आधी प्रोजेक्टर फिरवून मागची बाजू बघा. पंधरा पिनांचं, बहुतेकदा निळं तोंड म्हणजे व्हीजीए, पिवळं गोल म्हणजे साधं एव्ही, लाल-हिरवं-निळं त्रिकूट म्हणजे कंपोनंट, हे सगळे अॅनालॉग. चपटं, खालचे कोपरे छाटल्यासारखं दिसतं ते एचडीएमआय, म्हणजे डिजिटल.

मग सेट टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप बघा. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर विचारच करू नका, तीच लावा, चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. व्हीजीएमध्ये आवाज नसतोच, त्याला वेगळी वायर ओढावी लागते. पिवळी वायर तर अगदीच नाईलाज असेल तेव्हा, कारण तिच्यातून आपल्याकडे फार तर 576 ओळींचं चित्र येतं, टीव्हीवर ते खपून जायचं पण 100 इंची पडद्यावर सबटायटल वाचताना डोळे दुखतात. आणि प्रोजेक्टरच्या खोक्यावर '1080पी सपोर्ट' लिहिलंय म्हणून भुलू नका, नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे तो स्वतः खरोखर किती ओळी दाखवतो, ते विचारा, ते 480 असेल तर भारी केबल लावून काही उपयोग नाही.

लॅपटॉपला नुसती एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला नुसती व्हीजीए असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि तो एकाच दिशेने चालतो, उलटा लावून चालत नाही. त्यातूनही ओटीटीवरचा सिनेमा कधी काळा दिसतो. बिघाड नाही हो तो, कॉपी होऊ नये म्हणून असलेलं एचडीसीपीचं कुलूप अॅनालॉगमध्ये चालत नाही, म्हणून. व्हीजीएचं चित्र थरथरत असेल तर रिमोटवरचं ऑटो बटण दाबा, बऱ्याचदा तेवढ्यानेच बसतं.

आता लांबी, इथेच सगळे फसतात. व्हीजीए लांब झाली की चित्र हळूहळू पुसट होतं, अक्षरांना सावली येते, पण दिसत राहतं. एचडीएमआयचं तसं नाही, चालली तर झकास, नाहीतर ठिपके चमकतात, पडदा मधेच काळा होतो. तीन-चार मीटरला चांगली साधी केबल पुरते, दहा मीटरच्या पुढे 4के पाहिजे असेल तर ऑप्टिकल फायबरवाली घ्या. तिची एक बाजू सोर्सची, म्हणजे लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्सची, दुसरी प्रोजेक्टरची, तशी खूण असते. मी न बघता पीओपीच्या छतातून उलटी ओढून घेतली होती, सगळी परत काढावी लागली, म्हणून आधी जमिनीवर अंथरून चालवून बघा आणि मगच पाईपात घाला.

जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर मात्र कंपोनंटची वायर फेकू नका, त्याला ती पुरेशी आहे.