किलिमांजारोच्या चढाईचे नियोजन: आधी दिवस ठरवा, मग खर्च

टांझानियातील किलिमांजारो दुरून एकच डोंगर वाटत असला, तरी तो किबो, मावेन्झी आणि शिरा या तीन ज्वालामुखींचा मिळून बनलेला आहे. किबोच्या मुखाच्या कडेवर असलेले उहुरू हे ५,८९५ मीटर उंचीचे शिखर आफ्रिकेतील सर्वांत उंच ठिकाण आहे. नेहमीच्या वाटांनी तेथे जाण्यासाठी दोर लागत नाहीत की गिर्यारोहणाचे तांत्रिक शिक्षण लागत नाही, आणि नेमके त्यामुळेच अनेक जण या चढाईला कमी लेखतात. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो आणि रोज धावण्याचा सराव असलेल्या माणसालाही चार पावले टाकून थांबावे लागते. म्हणूनच नियोजनाची सुरुवात खर्चापासून न करता दिवसांपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फारशी वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. या कसोटीवर मारंगू वाटेचा पाच दिवसांचा कार्यक्रम तपासून पाहावा. होरोंबोचा मुक्काम सुमारे ३,७२० मीटरवर आणि त्यानंतरचा किबो हटचा सुमारे ४,७२० मीटरवर आहे. म्हणजे एका दिवसात हजार मीटर चढायचे आणि धड झोप होण्याआधी त्याच रात्री शिखराकडे निघायचे. या वाटेवर निवाऱ्यासाठी झोपड्या आहेत ही सोय खरी, पण पाच दिवसांत ती चढू नये. होरोंबोला एक दिवस वाढवून घ्यावा.

मचामे वाटेवर तिसऱ्या दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून रात्री सुमारे ३,९५० मीटरवरच्या बारांको कॅम्पला उतरता येते. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपल्यामुळे शरीर विरळ हवेला सरावते. ही वाट सहा दिवसांतही केली जाते, परंतु सातव्या दिवसामुळे कारांगा येथे एक रात्र जास्त मिळते आणि माझ्या मते त्या एका रात्रीवर केलेला खर्च संपूर्ण सहलीत सर्वांत सार्थकी लागतो. सवड असेल तर लेमोशो वाटेचा आठ दिवसांचा कार्यक्रम अधिक चांगला.

काळ निवडताना मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा आणि नोव्हेंबरच्या सुमारासचा लहान पावसाचा हंगाम टाळावा. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून-अखेर ते ऑक्टोबर हे महिने चढाईला सोयीचे आहेत. जमल्यास शिखराची रात्र पौर्णिमेच्या आसपास येईल अशी तारीख धरावी.

१९९१पासून येथे परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय चढता येत नाही, त्यामुळे खरा प्रश्न मार्गदर्शक कसा निवडावा एवढाच उरतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे, की रक्तातील ऑक्सिजन रोज मोजला जातो का, ऑक्सिजनचे सिलिंडर सोबत असते का आणि एखाद्याला खाली न्यायचे ठरल्यास बाकीच्यांसोबत कोण राहते. हमालांविषयीही तितक्याच स्पष्टपणे विचारावे. एका हमालाच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे आणि किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी काट्यावर सामान तोलले जाते, तरीही मजुरी, तीन वेळचे जेवण आणि झोपायला धड तंबू या बाबतींत कंपन्यांमध्ये मोठा फरक असतो. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था हमालांना नीट वागवणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते, ती अवश्य पाहावी. सच्छिद्र लाव्हामध्ये पाणी मुरून जात असल्याने कारांगाच्या पुढे, शिखराआधीच्या बाराफू कॅम्पवरही पाणी मिळत नाही. तेथे आपल्या हातात येणारा गरम चहा कोणीतरी खालून पाठीवर वाहून आणलेल्या पाण्याचा असतो. स्वस्त दराच्या मोहात पडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

विमा उतरवताना ६,००० मीटरपर्यंतच्या पदभ्रमणाचा आणि सुटकेचा खर्च त्यात स्पष्टपणे समाविष्ट असल्याची खात्री करावी. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे की नाही, ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. डोकेदुखी आणि मळमळ मार्गदर्शकापासून कधीही लपवू नये. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर त्यावर खाली उतरणे हाच उपाय असतो आणि त्यासाठी सकाळची वाट पाहू नये.

सामानात चांगली उबदार स्लीपिंग बॅग, थरांचे कपडे, हेडलॅम्प व जादा बॅटऱ्या आणि घसाऱ्यावरची राख व खडे बुटात शिरू नयेत म्हणून घोट्यावर बांधायचे गेटर्स असावेत. बूट विमानात पायांतच ठेवावेत, कारण हरवलेल्या सामानातील बाकी सारे पायथ्याच्या मोशी शहरात भाड्याने मिळते, पण पायाला सरावलेला बूट मिळत नाही. जून २०१९पासून टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांत बांधावे.

शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते, आणि मचामे व लेमोशो वाटांवर मुखाच्या कडेवरील स्टेला पॉइंटपर्यंत बहुतेकांना सहा-सात तास लागतात. मार्गदर्शक ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, असे सारखे सांगत राहतात. बोलताना धाप लागणार नाही, इतकीच गती ठेवावी. पाण्याच्या पिशवीची नळी या थंडीत गोठते. त्यामुळे पाणी रुंद तोंडाच्या बाटलीत भरून ती सॅकमध्ये उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूने धरू लागतो आणि झाकण मोकळे राहते.

या दोन वाटांनी गेल्यास शिखरानंतर त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचे असते. गुडघ्यांसाठी दोन काठ्या घ्याव्यात, सहलीला निघण्यापूर्वीच पायांची नखे बारीक कापावीत आणि उतार लागण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळावी, म्हणजे अंगठा बुटाच्या टोकावर आपटत नाही.