कढवण्याआधी बाजूला काढलेलं लोणी

आमच्याकडे दर दहा-बारा दिवसांनी लोणी निघतं. उन्हाळ्यात ताकात बर्फाचे चार खडे घालायचे, थंडीत कोमट पाणी. नाहीतर रवी फिरवून हात भरून येतात आणि लोणी वर येत नाही. निघालं की सगळं कढवायला टाकत नाही मी. लिंबाएवढा गोळा वाटीत घेते, बुडेल इतकं पाणी घालते आणि फ्रिजमध्ये ठेवते. पाणी रोज बदललं की आठवडाभर वास येत नाही. लेक या वाटीला ‘आईचं दुकान’ म्हणते.

तेलानं होणाऱ्या कामांना लोणी कशाला, असं विचाराल. तेल ओघळतं हो. लोणी जिथे लावाल तिथे बसून राहतं.

फणसाचंच घ्या. बरका असो की कापा, सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी लोणी फासायचं. मग हातांना, पार मनगटापर्यंत: बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडांना. सुरीची मूठ मात्र कोरडी ठेवा, वर फडकं गुंडाळा, नाहीतर हात सटकेल. तरीही चीक लागतोच. मग लगेच नळाखाली धावू नका, तो पाण्याला दाद देत नाही. आणखी थोडं लोणी घेऊन हात एकमेकांवर चोळा. चिकाच्या काळपट वळ्या सुटायला लागतात. त्या वर्तमानपत्राच्या कागदानं पुसून घ्या आणि साबण सगळ्यात शेवटी. केसांत अडकलेलं च्युइंगगमही असंच सुटतं. कात्री लावायची घाई नको.

कुकरमध्ये डाळ लावताना हरभऱ्याएवढं लोणी टाका, फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी झाकणभर उडत नाही. गुऱ्हाळात काहिलीत चमचाभर तेल सोडतात ना, फेस बसावा म्हणून? तेच हे. दुधाच्या पातेल्याला आतून कडेला लोण्याचा पट्टा ओढला तर दूध थोडं थोपतं. पण गॅस मोठा ठेवून फोनवर बसलात, तर ओट्यावर येणारच.

गेल्या वर्षी एका लग्नात नणंदेची अंगठी बोटात अडकली. बोट सुजलं, त्यात तिची घाई. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरायला लावला, मग गार पाण्यात, मग पेराभोवती लोणी. ओढायची नाही, स्क्रूसारखी फिरवत न्यायची. निघाली. बोट निळं पडलं असेल किंवा बधिर झालं असेल तर मात्र हे उद्योग करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

फुटलेल्या ओठांना, टाचांच्या भेगांना रात्री लावायला घरचं बिनमिठाचंच लोणी हवं. दुकानातल्या पिवळ्या बटरमध्ये बहुधा मीठ असतं, भेगेत गेलं की झोंबतं. टाचांना लावलंत तर वर मोजे घाला, चादरी धुवायच्या नसतील तर! आणि भाजलेल्या जागी लोणी लावायचं नाही, आजी काहीही सांगो. आतली उष्णता आतच कोंडते. वीस मिनिटं नळाचं गार पाणी, बस.

एक फजिती पण सांगते. देवघराच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तिला लोणी चोळलं. कुरकुर थांबली. सकाळी दारावर मुंग्यांची रांग आणि आठवड्यानं आंबूस वास. बिजागरीला मशीनचंच तेल.

बाकीचं लोणी कढवताना शेवटी गॅस बारीक करा, तडतड थांबली आणि तळ बदामी झाला की बंद. तूप गाळून झालं की तळाची बेरी खरवडू नका. त्याच पातेल्यात साखर घालून गरम पोळी कुस्करा. माझा वाटा आधीच काढलेला असतो.