केसच्या आधी या, केसनंतर थांबा: विद्यार्थ्यांसाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणजे मोठी चिरफाड न करता, पडद्यावरच्या एक्स-रे चित्रात बघत रक्तवाहिनीतून तार आणि नळी नेऊन केलेले उपचार. विद्यार्थी कॅथलॅबमध्ये, म्हणजे या केस होतात त्या खोलीत येतात, लेड एप्रन चढवतात, कोपऱ्यात उभं राहून पडदा बघत बसतात. काळी तार सरकते, काँट्रास्ट (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) शाईसारखं पसरतं, तासाभरात केस संपते आणि हाती काही लागत नाही. मीही सुरुवातीला असंच बघितलं. एकदा केस संपल्यावर सरांनी विचारलं, "पंक्चर उजव्या मांडीत का घेतलं, डाव्या का नाही?" पंक्चर म्हणजे धमनीत सुई टोचून केलेली वाट. मला सांगता आलं नाही. डावी इलियॅक आर्टरी (महाधमनीपासून मांडीकडे जाणारी धमनी) वेडीवाकडी होती, कॅल्शियमने भरलेली. सीटीत स्पष्ट दिसत होतं, पण तो सीटी मी उघडलाच नव्हता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. विद्यार्थ्याचं खरं शिक्षण केसच्या आधीच्या आणि नंतरच्या तासात होतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी सीटी उघडा. महाधमनी वरून खाली एकेक स्लाइस करत उतरा: तिच्यातून निघणारी सीलिअॅक धमनी साधारण बाराव्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्याशी, आतड्यांकडे जाणारी सुपिरिअर मेसेंटेरिक पहिल्या लंबर (कमरेच्या) मणक्याशी, इन्फिरिअर मेसेंटेरिक तिसऱ्याशी, आणि चौथ्याशी महाधमनीचे दोन फाटे. मग कागदावर हाताने रस्ता काढा, मांडीपासून ज्या अवयवात जायचंय तिथपर्यंत. चित्र सुबक नसलं तरी चालेल, पण प्रत्येक वळण त्यात हवं. काही जणांत यकृताची उजवी धमनी सुपिरिअर मेसेंटेरिकमधून निघते. हे चित्र काढताना ज्याच्या लक्षात येतं, तो दुसऱ्या दिवशी केस वेगळ्याच डोळ्यांनी बघतो.

"हे का करतोय" हेही आधीच कळलं पाहिजे. यकृताला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून यकृतात येणारी शीर) मिळतं, पण यकृतातला कॅन्सर मुख्यतः हेपॅटिक आर्टरीवर, म्हणजे यकृताच्या धमनीवर पोसतो. त्यामुळे धमनीतून औषध सोडून ती बंद केली तर गाठीची उपासमार होते आणि उरलेलं यकृत तगतं. पोर्टल व्हेनच बंद असेल तर हे गणित बिघडतं, म्हणून ती सीटीत शोधायची. फाइलमध्ये आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काँट्रास्टची अॅलर्जी बघा. आणि पेशंटशी बोला. त्यांना तासभर उताणं झोपता येईल का, हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

16 जानेवारी 1964 ला चार्ल्स डॉटर यांनी एका 82 वर्षांच्या बाईंची मांडीतली अरुंद धमनी नळ्यांनी रुंद केली. पाय गँगरीनने काळा पडत होता आणि बाईंनी पाय कापायला साफ नकार दिला होता. त्या पुढे मरेपर्यंत स्वतःच्या पायावर चालल्या. आमच्या शाखेची पहिली मोठी केस एका पेशंटच्या नकारातून उभी राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता हाताचं काम. सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडलेली पद्धत आजही पाया आहे: सुई आत, सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवायची नळी) घालतानाही हेच करतात, तेव्हा वॉर्डात कुणी लाइन घालत असेल तर जवळ जाऊन बघा. टेक्निशियनकडे मुदत संपलेली न वापरलेली तार आणि कॅथेटर (तारेवरून सरकणारी बारीक नळी) मागा. बहुतेक वेळा मिळतात. टेबलावर कागद ठेवून पेन्सिलने एक ठिपका काढा. तारेचं टोक ठिपक्यावर ठेवा आणि तारेवरचं कॅथेटर पूर्ण बाहेर काढा: एका हाताने नळी दोन सेंटिमीटर मागे, दुसऱ्याने तार तेवढीच पुढे. ठिपका सुटला तर पुन्हा. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाचा सुटतो. हायड्रोफिलिक (पाण्याने गुळगुळीत होणारा थर असलेली) तार कोरडी असली की बोटांना चिकटते, ओली केली की मासळीसारखी निसटते, म्हणून ओल्या गॉजने धरायची सवय लावा. आणि मागचं टोक हातातून कधीही सोडू नका. तार पेशंटच्या शिरेत निघून जाऊ शकते.

आकड्यांचा घोळ एकदाच मिटवून टाका. नळीची जाडी फ्रेंच या मापात सांगतात; 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. कॅथेटरचा आकडा बाहेरच्या व्यासाचा; शीथचा, म्हणजे कॅथेटर ज्यातून आत जातं त्या धमनीत ठेवलेल्या नळीचा, आतल्या व्यासाचा. त्यामुळे 6 फ्रेंचच्या शीथने धमनीला पडलेलं भोक 2 मिलिमीटरहून मोठं असतं. तार इंचात मोजतात, नेहमीची 0.035. सुईचा गेज वाढला की सुई बारीक.

किरणांबद्दल थोडक्यात: तुमच्या अंगावर येणारे किरण मुख्यतः पेशंटच्या शरीरावरून विखुरलेले असतात. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण चौथाई होतो, म्हणून रन (काँट्रास्ट सोडून एकामागून एक चित्रं घेणं) सुरू झाला की मागे सरका. थायरॉइड कॉलर घाला.

शीथ काढायची वेळ आली की "मी दाबू का?" असं विचारा. हे काम विद्यार्थ्याला मिळतं आणि खूप शिकवतं. सुई तिरकी गेलेली असते, त्यामुळे धमनीचं भोक कातडीवरच्या भोकाच्या थोडं वर असतं. बोटं तिथे हवीत. बोटांखाली नाडी लागली पाहिजे. दाब इतकाच, की रक्त थांबेल पण पावलाची नाडी हरवणार नाही. घड्याळ लावून 15 मिनिटं दाबा, मध्येच बोट उचलून बघू नका.

संध्याकाळी पुन्हा वॉर्डात जा. जांघेत सूज आहे का, पाठ किंवा कंबर दुखते का हे विचारा. पंक्चर फार वर झालं असेल तर रक्त पोटामागे साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. एम्बोलायझेशननंतर (धमनी मुद्दाम बंद केल्यावर) ताप आणि दुखणं अपेक्षित असतं, पण तपासल्याशिवाय तसं गृहीत धरू नका. केसआधी पावलाची नाडी जिथे लागली तिथे पेनाने फुली मारलेली असते. त्या फुलीवर बोट ठेवा आणि जे लागलं ते वेळेसकट वहीत, काल काढलेल्या चित्राखाली लिहा.