रामटेकची टेकडी चढताना या चुका टाळा

नागपूरहून जबलपूर महामार्गाने मनसरला पोहोचून उजवीकडे वळले की थोड्याच वेळात रामटेकची टेकडी दिसू लागते. अंतर जेमतेम 50 किलोमीटर, वर गडमंदिरापर्यंत गाडीचा रस्ता आणि अंबाळा तलावाच्या बाजूने थेट चढणाऱ्या दगडी पायऱ्या असल्यामुळे ही चढण म्हणजे पोरखेळ, असा अनेकांचा समज होतो. चढण खरोखरच मोठी नाही. फजिती होते ती बहुधा वेळ चुकल्यामुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मार्च ते जून या काळात सावकाश नाश्ता आटोपून दहाच्या सुमारास पायथ्याशी पोहोचणे. मे महिन्यात आपल्याकडे पारा सहज 45 अंशांच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधीच वाळतो. त्यामुळे शरीरातले किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. उजाडताच चढायला लागावे, नऊच्या आत खाली यावे, डोक्याला दुपट्टा बांधावा आणि माणशी किमान दोन लिटर पाणी घेऊन ते तहानेची वाट न पाहता घोट घोट प्यावे. खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही, ही समजूत आजीच्या समाधानापुरती पाळायला हरकत नाही, पण तो कांदा पाण्याची जागा घेत नाही. देवळात चपला काढाव्या लागतात आणि दुपारच्या फरशीवर अनवाणी पावले अक्षरशः भाजतात, म्हणून जाड पायमोजे सोबत असू द्यावेत. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 वर फोन करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

वानरांच्या बाबतीत चूक पिशवीपासून सुरू होते. प्रसादाची प्लास्टिकची पिशवी हातात लोंबकळत असली की तिच्या नुसत्या सळसळीने वानर जवळ येते. खाण्याचे पदार्थ बंद बॅगेत ठेवावेत. पिशवी धरलीच, तर ओढाताण न करता सोडून द्यावी. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजच्या लसीबद्दल विचारावे.

पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरते. चढताना ते जाणवत नाही, उतरताना पाय सटकतो. झिजलेल्या तळाचे बूट टाळावेत आणि सर उतरून गेली तरी डांबरी रस्त्यानेच उतरावे. गवतात शिरून फोटो काढण्याचा मोह त्या दिवसांत सापांमुळे आणि पुढे ऑक्टोबरपासून पायमोज्यांत रुतणाऱ्या कुसळांमुळे आवरलेला बरा.

हिवाळा सर्वांत सुखाचा, मात्र पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे घड्याळाचे गणित तेव्हाच चुकते. नागपूर बरेच पूर्वेला असल्याने डिसेंबरात येथे साडेपाचच्या सुमारासच, म्हणजे मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी, सूर्य मावळतो. माथ्यावरून सूर्यास्त पाहायचा असेल, तर परतीसाठी आधीच टॉर्च घ्यावा, मोबाइलच्या बॅटरीवर विसंबू नये आणि अंधार पडल्यावर अंबाळ्याच्या पायऱ्या सोडून गाडीरस्त्याने खाली यावे.